पेस्ट आन बाळंतकाढा

द्राक्षाच्या काडीला डोळं असत्यात ह्ये मला लगीन झाल्यावर कळलं. माझं माहेर कोरेगावकडं, तिकडं आलं आन घेवडा, द्राक्षाचा मांडव म्या नुसता यष्टीच्या खिडकीतनं बगितलेला. सासर पार पूर्वेच्या माळाला, आटपाडीच्या पल्याड. कवाकाळी ह्यांच्या घरात मेंढरं हुती, आता चार शेळ्या राहिल्यात, आन छाटनीचा हंगाम आला की समदं घर शेळ्या घिऊन तासगावकडं बागंवर राहायला जातं. काडी छाटली की तिच्यावर जितं जितं वाईच फुगीर असतं त्येला डोळा म्हनत्यात. त्यो आपला आपन नीट फुटत न्हाई, एक आज फुटतो, एक आठ रोजानं, मग घड मागंफुडं हुत्यात, म्हनून त्येला औषध पुसायचं. बादलीत औषध, त्यात लाल रंग, कारन कुठली काडी झाली कुठली राहिली ते कळाय पायजे, हातात रबरी मोजा, मोज्यावर फडकं, फडकं बुडवायचं, पिळायचं, काडी मुठीत धरून पुसत जायचं. ह्या कामाला तिकडं समदी पेस्ट म्हनत्यात. पेस्ट लावाय चाललो, पेस्ट झाली का, पेस्टाच्या बायका आल्या का, असंच बोलत्यात.

मी ज्या साली पैल्यांदा पेस्टाला गेले त्या साली माझं लेकरू अंगावर पीत हुतं. पैलंच. माहेरात बाळंत झाले, सव्वा महिना झाला, वर थोडं दिस झालं, आन सासूबाई न्यायला आल्या. मी त्यास्नी आत्ती म्हनते. आत्ती वाईट न्हाईत ह्ये आदीच सांगते, कारन फुडचं ऐकून कुनाला तसं वाटंल. आईनं काढ्याची बाटली पिशवीत घातली, तर आत्ती म्हनल्या, आमच्या बी घरात हाय, सुनंला काढ्याबिगार ठेवतो का आमी. आन ते खरं हुतं. सकाळच्याला दोन टोपनं, सांच्याला दोन टोपनं, कोमट पान्यात, त्यांनी एक दिस चुकवलं न्हाई. काढ्यानं अंग भरतं, दूध येतं, वारा लागत न्हाई, ह्ये काय मी सांगाय नको, आपल्यात समद्या बाळंतिनी पित्यात.

बागंवर पोचलो. मालकाचा माल परदेशी जायाचा, म्हनून तितं लय नियम. औषधाची निराळी खोली, तिला कुलूप, आन दाराला भाईरनं पलास्टिकच्या पिशवीत घातलेलं कागूद टांगलेलं, जितकी औषधं तितकी कागदं. तपासनीस सायेब येनार हुता म्हनून सुपरवायजरनं आमच्या टोळीला दारापशी हुबं केलं आन इचारलं, वाचाय कुनाला येतं. टोळीची मुकादम एक मावशी हुती, तोंडानं लय फटकळ, तिनं मला फुडं ढकललं. म्हनली, ही आठवीपतूर गेलीया, हिला मास्तरनीच करायची हुती, पर नशिबानं आमच्यात आली.

कागदावर वर लाल रेघांच्या चौकटी, टोकावर हुब्या केलेल्या. एकीत कवटी, एकीत हातावर कायतरी सांडतंय आन हात खाऊन टाकलाय असा, एकीत काळा मानूस आन त्येच्या छातीत चांदनीसारखं फुटलेलं. मावशी म्हनली, ह्येच्या छातीत कुनी सुतळी बाम लावला गं. समद्या हसल्या. मला न्हाई हसू आलं, मला त्यो मानूस बगूनच कसंतरी झालं, पर मी वाचाय लागले. कागूद मराठीतच हुता, पर पुस्तकातल्यापेक्षा अवघड मराठी. ‘डोळ्यांना गंभीर इजा होते’ असं वाचलं तर एक बाई म्हनली, आगं डोळं फुटायलाच तर लावायचं हाय, आन परत हसाय लागल्या. मग फुडं आलं, ‘कामाआधी व कामानंतर काही दिवस मद्यार्कयुक्त पेये व पदार्थ पूर्णपणे वर्ज्य.’ त्या मद्यार्काला मी अडाकले. म, द ला य, मग र वर चढलेला, मग क. दोनदा वाचलं, तोंडात बसंना. सुपरवायजर म्हनला, दारू, दारू, सोपं हाय, पिऊन यायचं न्हाई आन गेल्यावर प्यायची न्हाई.

“मग ह्ये बाप्यांपुढं जाऊन वाच की,” मावशी म्हनली. “आमी काय गुत्त्यावर बसतोय व्हय रं?”

त्यो बी हसला. मोजं, चष्मं, तोंडाला बांधायचं, समदं आमास्नी घालाय लावलं आन फोटू काढला. फोटू झाल्यावर चष्मं परत खोक्यात गेलं, कारन घामानं काचंवर धूर धरतोय, दिसत न्हाई म्हनून आमीच नको म्हनलो. कागूद लय लांब हुता, मागनं बी लिवलेलं हुतं, पर फोटू झाला म्हनल्यावर कोन वाचतंय.

पेस्ट सुरू झाली. मांडवाच्या कडंला लोखंडी अँगलला झोळी बांधली, आत्ती तितं बसायच्या, लेकराला जोजवायच्या आन शेळ्यांकडं बी नजर ठेवायच्या. दुपारी पाजायला आले की आदी हात धुवाय लावायच्या, साबनानं, कोपरापतूर, आन छाती वल्ल्या फडक्यानं पुसाय लावायच्या. रंग काय जायाचा न्हाई. नखांत लाल, मनगटाला लाल, मोज्याच्या भोकातनं आत गेलेला लाल. लेकरू माझ्या बोटाला धरून प्यायचं आन मी त्येच्या मुठीकडं बगत बसायची, त्येच्या हाताला लागला का रंग, लागला का. आत्ती म्हनायच्या, आगं रंग हाय त्यो, रंगपंचमीला कुनी मरतं का.

पैल्याच सांजंला झालं. घरी म्हंजे शेडात आलो, हातपाय धुतलं, आत्तीनी काढा दिला, म्या प्याला, आन भाकरी थापाय बसले. दुसरी भाकरी तव्यावर असंल नसंल, कान तापलं. आदी वाटलं चुलीची धग. मग गाल, मग गळा, मग छातीवर लाल लाल चट्टं, आन छातीत असं धाडधाड धाडधाड व्हायला लागलं की मला माझ्या कानात ऐकू येत हुतं, श्वास आत जाईना, मी तोंड उघडते, उघडते, आन वारा काय आत जाईना, हात बधिर, डोळ्याफुडं काळं, मी नुसती आत्ती, आत्ती करत हुते. त्यांनी मला भिताडाला टेकवलं, पदरानं वारा घातला. मालक म्हनले, म्हंजे माझं मालक, नवरा, ते म्हनले ऊन लागलंया. आत्ती म्हनल्या, ऊन न्हाई, नजर हाय, नवी बाळंतीन समद्या बायकांपुढं हुबी राहून वाचती, फोटू काढती, मग लागनार न्हाई तर काय. मीठमिरची उतरून चुलीत टाकली. तासाभरानं उतरलं. मी समजले, गेलं.

सकाळी आत्ती म्हनल्या, अशक्तपना हाय, बाळंतिनीचं अंग कच्चं असतं, काढा कमी पडतोय. आन दोनाची चार टोपनं केली.

 त्यांनी काळजीनं दिला आन म्या इस्वासानं प्याला, कुनाचं काय चुकलं ह्येच्यात. मांडवात गेले, एक वळ बी झाली न्हाई, परत तसंच, आता उलटी बी. बायकांनी मला मांडवाखाली निजवलं. मावशीनं माझं तोंड बगितलं, म्हनली, ही तर कुकवाच्या करंड्यात पडल्यावानी झालीया. वर हिरवं काय न्हाई, नुसत्या छाटलेल्या काड्या लाल पुसलेल्या, आन त्येच्यातनं आभाळ, आन मी मनात म्हनत हुते, झोळी कुटं हाय, मला झोळी दिसू द्या, मी मेले तर ह्यो कुनाचं पिनार. दुसरं कायच मनात नव्हतं. ह्यो कुनाचं पिनार, एवढंच.

असं तीनचार रोज चाललं. काम करते तवा बरी असते, काढा घिटला की खाली पडते, पर त्येची सांगड मला तवा लागली न्हाई, कारन दिसातनं दोनदा काढा आन दोनदा जेवन आन दोनदा चुलीफुडं बसनं समदं एकाच टायमाला. एका सकाळी मी पडले ती उठलेच न्हाई म्हनं. मला जाग आली ती बागंच्या मालकाच्या जीपगाडीत, तासगावला सरकारी दवाखान्याच्या दारात.

तितं डाक्टरीन हुती, तरनी, बोलन्यावरनं लांबच्या मुलखातली, त्यांच्याकडं द्राक्षं नसत्याल. तिनं नाडी बगितली, पट्टा बांधला, सुई लावली, समदं नीट केलं, तिला मी दोष देत न्हाई. मग इचाराय लागली, तुम्ही काय करत होतात.

“पेस्ट लावत हुते.”

“किती दिवसांपासून लावता?”

“ह्याच वर्षापास्नं. लगीन झाल्यावर.”

“दिवसातून किती वेळा?”

“सकाळी सुरू केली की सांजपतूर.”

ती लिवायची थांबली. “बाळ अंगावर पितंय आणि तुम्ही दिवसभर पेस्ट लावता? घरात कुणी काही बोलत नाही?”

“न्हाई की. आत्ती बी लावत्यात कवा कवा. आमच्यात समद्याच लावत्यात.”

मग तिनं इचारलं, थुंकता का गिळता. मला कायच कळंना. लय दिसांनी माझ्या ध्यानात आलं की ती तंबाखूच्या पेस्टीचं इचारत हुती, बायका मशेरीसारखी दातास्नी लावत्यात ती. तिचं बी खरं, माझं बी खरं, आन दोगींच्या मदी एक शब्द. आता कुनाला सांगितलं तर लोक पोट धरून हसत्यात. मला आजून हसू येत न्हाई.

कारन फुडचं तितनंच झालं. ती वाकली, माझ्या तोंडाचा वास घिटला, आन म्हनली, दारू घेतली होती का, खरं सांगा, इथं लपवायचं नाही. आत्ती हुबी, माझं मालक हुबं, बागमालकाचा डायवर हुबा, बाजूच्या खाटंवरची बाई मान वर करून बगतीया. मी न्हाई म्हनलं. पर मला बोलाय श्वास पुरत नव्हता, ते न्हाई कसं ऐकू आलं असंल कुनाला ठावं. ती म्हनली, लक्षणं तशीच आहेत. आन आत्तीकडं बगून म्हनली, हिची सवय सुटेपर्यंत बाळाला हिचं दूध देऊ नका.

आत्तीनी तितंच लेकरू माझ्या कुशीतनं उचललं. 

दोन रोज दवाखान्यात हुते. तितं मला काय झालं न्हाई, ना तोंड लाल, ना धडधड, चांगली उठूनबसून हुते. तितं काढा नव्हता. आता सांगताना ह्ये असं सरळ दिसतं, तवा काय दिसत नव्हतं, तवा मी नुसती दारं बगायची, आत्ती लेकराला घिऊन आल्या का. न्हाई आल्या. छाती दगडावानी झाली, झंपर वल्लं, मोरीत जाऊन पिळायची आन पान्यासंगं ते पांढरं जाताना बगायची.

शेडात परत आले तर लेकरू आत्तीच्या मांडीवर, शेळीचं दूध, अर्दं पानी घालून, बाटलीला रबराचं बोंड लावून पाजलेलं. म्या म्हनलं, मला द्या की एकदा. आत्ती म्हनल्या, डाक्टरीन काय म्हनली ऐकलंस ना. मी म्हनलं, आत्ती, मी न्हाई प्याले. त्या म्हनल्या, मग डाक्टरीन खोटी?

माझ्या मालकांनी रागं भरलं न्हाई. त्येनं जास्त वाईट वाटलं. पलॉट उरकला की बापय लोक बांधाला बसत्यात, बाटली असती, ते काय लपून न्हाई. ते माझ्याजवळ येऊन हळू म्हनले, “आमच्यातली घिटली असशील, चुकून, पानी समजून, तर सांग. मी कुनाला बोलनार न्हाई.” इतक्या मायेनं म्हनले की मला रडाय बी आलं न्हाई. त्यांना मला माफ करायचं हुतं आन माझ्याकडं माफ करन्याजोगं कायच नव्हतं.

मला पेस्टाला जाऊ दिलं न्हाई. शेडात बसून ऱ्हायचे. लेकरू रडलं की माझं दूध आपोआप वाहायचं, आन आत्ती त्येला घिऊन भाईर बाभळीखाली जायाच्या, म्हंजे त्येला माझा वास येऊ नये. आता बगा, एवढा राग असून बी सांच्याला त्यांनी काढ्याचा पेला माझ्याफुडं आनून ठेवला. बाळंतिनीचा काढा चुकवायचा न्हाई म्हंजे न्हाई. तोंड फिरवून ठेवला, पर ठेवला.

म्या प्याला. आन कान तापलं.

त्या रोजी मी उनात गेले नव्हते. चुलीफुडं नव्हते. काडीला हात लावला नव्हता, कुनाच्या नजरंफुडं नव्हते, भाकरीचा तुकडा खाल्ला नव्हता. नुसता काढा. मी खाली बसले, भिताडाला टेकले, धडधड सुरू झाली, वारा आत जाईना, आन तेवढ्यात बी माझ्या डोक्यात एकच, काढा, काढा हाय ह्यो. उतरल्यावर म्या आत्तीना म्हनलं, काढ्यानं हुतंय.

आत्ती माझ्याकडं वळल्या. “म्या इख पाजलं व्हय गं तुला? माझी चार बाळंतपनं ह्या काढ्यावर झाली. तुझा नवरा ह्या काढ्यावर पोसला. आता डाक्टरीन सोडून माझ्या अंगावर आलीस?” आन पदर तोंडाला लावून रडल्या. मी पैल्यांदाच त्यास्नी रडताना बगितलं. मला वाटलं मीच येडी.

दुसऱ्या रोजी समदी बागंत गेल्यावर म्या बाटली घिटली आन उजेडात नेऊन वाचली. बाटलीवरचं अक्षर मुंगीवानी. दशमुळं हायत, मनुका हायत, गूळ हाय, धायटीची फुलं हायत, समदं चांगलंच. आन पार तळाला, ‘स्वयंजनित मद्यार्क’. अर्थ मला आजून बी ठावं नव्हता. पर त्यो शब्द म्या बगितला हुता, ज्येला मी अडाकले हुते त्योच. म, द ला य, र वर चढलेला, क.

मी बाटली पदरात घिऊन औषधाच्या खोलीपशी गेले. कुलूप हुतं, कागदं दारालाच. आमचा कागूद हुडकला, छातीत फुटलेल्या मानसावरनं वळाकला, आन बाटली त्येच्याजवळ धरून एकेक अक्षर बोटानं लावून बगितलं. बोट आजून लालच हुतं. अक्षर तेच. मी परत लावून बगितलं, कारन मला माझ्या वाचन्याचा भरवसा न्हाई.

सुपरवायजर आला. काय चाललंय म्हनला, ती बाटली कसली. मी त्येला म्हनलं, भाऊ, ह्यो शब्द आन ह्यो शब्द एकच हाय का बगा. त्येनं आदी कागूद बगितला, मग बाटली डोळ्याजवळ नेली. मग तितंच पायरीवर बसला. म्हनला, बाळंतकाढ्यात असती व्हय? आयला. माझ्या बायकूला बी हाच दिला. मी म्हनलं, काय असती. तर म्हनला, गूळ आन फुलं आंबवत्यात, त्येची आपोआप थोडी बनती. दारूच की ती.

त्येनं औषधाच्या दुकानातनं एका सायबाचा लंबर घिटला, पेस्टाच्या औषधाच्या कंपनीचा मानूस, फोन लावला आन फोन मोठ्या आवाजावर ठेवला. सायेब म्हनला, हो, होतं असं, हे औषध अंगात असताना थोडा जरी अल्कोहोल गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, पत्रकात लिहिलंय ते. एवढं सरळ. जसं काय समद्यास्नी ठावं हुतं आन मलाच कुनी सांगितलं न्हाई. मला बरं वाटाय पायजे हुतं. मी न्हाई प्याले, मी खरी, ह्ये सिद्द झालं हुतं. पर मला ते ऐकूच आलं न्हाई, मला एवढंच ऐकू आलं, हे औषध अंगात असताना. म्हंजे ते माझ्या अंगात हुतं. आन त्या तीनचार रोजात मी लेकराला पाजलं हुतं. म्या फोनजवळ तोंड नेऊन इचारलं, सायेब, माझं लेकरू अंगावर पितं, दुधातनं त्येला जातं का ह्ये.

 सायेब म्हनला, कागदाची मागची बाजू बघा, तिथं असेल. सुपरवायजरनं पिशवीतनं कागूद काढला, उलटा केला, बोटानं खाली खाली गेला.

“स्तनपान,” त्येनं वाचलं. “माहिती उपलब्ध नाही.”

“म्हंजे जात न्हाई?” म्या इचारलं.

“म्हणजे माहिती नाही, ताई,” सायेब म्हनला.

“कुनाला न्हाई?”

“कुणालाच नाही.”

त्येनं मग चांगलं बोलायचा परयत्न केला, बाळ खेळतंय ना, रडतंय ना, मग काळजी करू नका, डॉक्टरांना दाखवा. सुपरवायजरनं कागूद परत पिशवीत घातला, तर वरचीच बाजू फुडं आली. मी बाटली घिऊन शेडात आले.

आत्तीना समदं सुपरवायजरनंच सांगितलं, मला सांगाय जमलं नसतं. त्या उबंउब्या ऐकत हुत्या. मग बाटली घिटली आन मागं नेऊन बाभळीच्या मुळाशी वतली, माझ्या आईची बी वतली. येऊन म्हनल्या, माझ्या टायमाला पेस्ट नव्हती. एवढंच म्हनल्या. माफी बिफी आमच्यात कोन मागत न्हाई. लेकरू माझ्या मांडीवर आनून ठेवलं, पर पाज म्हनल्या न्हाईत, आन मी बी लगेच पदर काढला न्हाई, कारन आता मलाच भ्या वाटत हुतं. इतकं दिस ज्येच्यासाटी मी तडफडले ते दूध आता मला माझं वाटंना. मी त्येला धरून बसले आन त्यो माझ्या झंपराकडं बगत बी नव्हता.

परत दवाखान्यात गेलो. ती डाक्टरीन सुट्टीवर हुती, एक वयस्कर डाक्टर हुते, त्यांना पेस्ट म्हंजे काय ते ठावं हुतं, ते तासगावातलेच. त्यांनी लेकराला उलटंपालटं करून बगितलं, छाती ऐकली, डोळं बगितलं. म्हनले, बाळ छान आहे. तुम्ही त्या कामापासून लांब राहा, काही दिवस दूध पिळून टाका, मग पाजा, बहुतेक काही होणार नाही. मालकांनी इचारलं, बहुतेक म्हंजे? डाक्टर म्हनले, बहुतेक म्हणजे बहुतेक.

मी पिळून टाकत राहिले. सांगितलं तितकं दिस, आन वर भ्यानं आनखी थोडं दिस. रोज कमी यायचं. आदी वाटी भरायची, मग अर्दी, मग तळ. मी आत्तीना बोलले न्हाई, पर त्या वाटी बगत हुत्याच. बागंच्या मालकिनीनं मला पेस्टाऐवजी काड्या गोळा करायचं काम दिलं, त्या बी मी काठीनं वडायची, हात लावायची न्हाई. बायका म्हनायच्या, हिला आता इंगळी बी चावनार न्हाई, एवढी भिती. मावशी मातर तसं बोलली न्हाई. तिनं येऊन हळूच इचारलं, तिच्या सुनंला बी काढा चालू हाय, गावाकडं, मावशी घरी गेल्यावर सुनंनं ह्ये पेस्टाचं मोजं धुतलं तर चालंल का. मला काय ठावं. मी म्हनलं, नको हात लावू देऊस. ती गेली न्हाई लगेच. बसून राहिली माझ्याजवळ.

मग एका सांजंला आत्ती म्हनल्या, आता पाज. मी भिताडाला टेकून बसले. लेकरू मांडीवर घिटलं. त्येनं तोंड लावलं, एकदा वडलं, आन सोडून रडाय लागलं. बाटलीचं भोक मोठं, त्यातनं धार येती, माझ्यातनं कुटनं यावी. परत लावलं, परत सोडलं. अंग ताट केलं, पाठीची कमान केली. मालक उठून भाईर गेले. मला घाम सुटला, आन आत कुटंतरी मला असं बी वाटलं की बरं झालं, नको पिऊ, आन तसं वाटलं म्हनून मला आनखी रडाय आलं.

आत्तीनी शेळीच्या दुधाची बाटली आनली. त्येला दिली न्हाई. त्यांनी त्यातलं थोडं आपल्या बोटावर घिटलं आन माझ्या छातीला लावलं, जसं शेळी मेली की तिच्या करडाला वळकीच्या वासावर दुसऱ्या शेळीला लावत्यात तसं, कपाळ माझ्या खांद्याला टेकवून, डोळं मिटून, एका हातानं त्येचं डोकं धरून. त्येनं वास घिटला. रडायचं थांबला. जीभ भाईर काढली आन चाटाय लागला. मी श्वास धरला, आत्तीनी धरला.

शेळीचं तेवढं चाटलं, आन त्येनं तोंड फिरवलं.